चोरीचं पिस्तूल कुणी 'जरा ठेव' म्हणून दिलं तर: कायदा, शिक्षा आणि लगेच काय करायचं

सातारा-सांगलीकडचा पेपर उघडला की आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असते, गावठी पिस्तूल आणि दोन जिवंत काडतुसांसह तरुण ताब्यात, एलसीबीची (पोलिसांच्या स्थानिक गुन्हे शाखेची) कारवाई. कधी कराड, कधी मिरज, कधी विटा, कधी फलटण. आपण वाचतो आणि म्हणतो गुंड असेल कुणीतरी. पण कोर्टात अशा केसेस जवळून बघितल्यावर कळतं की त्यातल्या कित्येक पोरांनी गोळी सोडाच, ट्रिगरला नीट बोटसुद्धा लावलेलं नसतं. कुणीतरी 'दोन दिवस ठेव, परवा नेतो' म्हणलेलं असतं आणि मैत्रीखातर ठेवलेलं असतं, बास. आणि इथंच लोकांचा घोळ होतो, त्यांना वाटतं मी चोरी केली नाही, विकत घेतलं नाही, वापरलं नाही, मग माझा गुन्हा काय? गुन्हा आहे, आणि चांगला मोठा आहे. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय, विशेषतः भरतीची तयारी करणाऱ्या पोरांसाठी आणि त्यांच्या आईबापांसाठी.

आधी हे समजून घ्या की कायदे दोन लागतात

चोरीची दुसरी कुठली वस्तू घेतली, म्हणजे चोरीची मोटरसायकल, मोबाईल, सोनं, तर एकच कलम मुख्य असतं, चोरीचा माल घेतल्याचं. हत्याराच्या बाबतीत तसं नाही. इथं एकाच वस्तूवरून दोन वेगळे गुन्हे होतात.

पहिला म्हणजे भारतीय न्याय संहिता २०२३ चं कलम ३१७. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू झाला, त्याच्या आधीच्या घटनांना जुनं आयपीसी ४११ च लागतं, त्यामुळं जुन्या केसच्या कागदावर ४११ दिसलं तर गोंधळू नका. यात चोरीचा माल म्हणजे फक्त चोरलेला माल नव्हे. जबरदस्तीनं घेतलेला, दरोड्यातला, फसवून काढलेला, विश्वासानं ठेवायला दिलेला असताना हडप केलेला, सगळा यात येतो. म्हणजे बँकेच्या वॉचमनकडं कंपनीनं दिलेली बारा बोअर बंदूक त्यानं परस्पर विकली तर ती पण चोरीचाच माल.

असा माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असताना, बेइमानीनं घेतला किंवा ठेवून घेतला तर ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. 'ठेवून घेतला' हे शब्द नीट वाचा. घेताना माहीत नव्हतं, नंतर कळलं, आणि तरी ठेवला, तर त्या दिवसापासून तुम्ही कलमात बसलात. माल दरोड्यातला आहे हे माहीत असेल तर शिक्षा एकदम जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरीवर जाते. चोरीचा माल घ्यायचा धंदाच असेल, म्हणजे सारखं सारखं, तरी जन्मठेप किंवा १० वर्षांपर्यंत. आणि स्वतः घेतला नाही पण लपवायला, खपवायला, विल्हेवाट लावायला मदत केली तरी ३ वर्षांपर्यंत आहेच.

दुसरा कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम १९५९, ज्याला सगळे आर्म्स ॲक्ट म्हणतात. याच्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायचंच नाही. ठेवलं तर कलम २५(१ब)(अ), कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, वर दंड. आधी हे १ ते ३ वर्षं होतं, डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीनं वाढवलं. कोर्ट खास कारण लिहून किमान शिक्षेपेक्षा कमी देऊ शकतं पण ते कोर्टाच्या हातात, त्याच्या भरवशावर कुणी राहू नये.

आता दोन्ही कायद्यांतला फरक बघा, कारण सगळा लेख यावरच आहे. कलम ३१७ मध्ये सरकारी पक्षाला सिद्ध करावं लागतं की माल चोरीचा होता, तो तुमच्याकडं मिळाला, तुम्हाला ते माहीत होतं आणि तुमची नियत बेइमानीची होती. आर्म्स ॲक्टमध्ये यातलं चोरीचं काहीच सिद्ध करायची गरज नाही. हत्यार तुमच्या जाणीवपूर्वक ताब्यात होतं आणि परवाना नव्हता, संपलं. म्हणजे पिस्तूल चोरीचं होतं हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणून तुम्ही ३१७ मधून निर्दोष सुटलात तरी आर्म्स ॲक्टची शिक्षा होऊ शकते. 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य लोक हुकमी पत्त्यासारखं जपून ठेवतात, पण ते दोनपैकी एकाच कायद्याला थोडंफार लागू पडतं.

शिक्षा कुठं कुठं वाढते

हत्यार कुठलं आणि त्याचं तुम्ही काय केलं यावर पुढचं गणित आहे. साधं .३२ चं पिस्तूल किंवा बारा बोअर वेगळं आणि प्रतिबंधित हत्यार वेगळं. प्रतिबंधित म्हणजे ढोबळमानानं लष्कर-पोलिसांच्या वापरातली, ऑटोमॅटिक वगैरे. असलं हत्यार नुसतं जवळ सापडलं तरी ७ ते १४ वर्षं. आपल्याकडं घराघरात फौजी आहेत, अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, सर्व्हिसमधल्या हत्यारांचं पोरांना आकर्षण असतं, म्हणून मुद्दाम सांगतोय. पोलिसांकडून किंवा सैन्यदलाकडून जबरदस्तीनं हत्यार हिसकावलं तर किमान १० वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत.

विक्री हा पुढचा टप्पा. मित्रानं ठेवायला दिलेलं पिस्तूल तुम्ही दुसऱ्याला दहा-वीस हजारात दिलं की तुम्ही नुसते बाळगणारे राहत नाही, विकणारे होता, आणि विनापरवाना विक्रीला ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बाहेरच्या राज्यातून आणणं, इकडून तिकडं पोचवणं, नंबर नसलेल्या किंवा चोरट्या मार्गानं आलेल्या हत्यारांची देवघेव हे सगळं तस्करीच्या कलमात जातं, २५(८), किमान १० वर्षं. यात मदत करणाराही धरलाय, त्यामुळं 'मी फक्त गाडी चालवत होतो' याला तितकासा अर्थ नाही. टोळीच्या वतीनं हत्यार बाळगलं तर २५(६), तिथंही १० वर्षं ते जन्मठेप, आणि मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीचा कायदा, लागला तर जामीन विसराच.

मग नंबरचा विषय. बंदुकीवर कंपनीचं नाव आणि नंबर असतो, चोर तो कानशीनं नाहीतर ग्राइंडरनं घासतात. कलम ८ असं सांगतं की नंबर खोडलेलं हत्यार ज्याच्याकडं सापडेल त्यानंच तो खोडला असं गृहीत धरायचं, नाही हे त्यानं सिद्ध करायचं. म्हणजे घासलं दुसऱ्यानंच आणि निस्तरायचं तुम्ही. आणि घासून उपयोग पण नसतो बरं का, प्रयोगशाळेत त्या जागेवर केमिकल लावून पुसलेला नंबर बऱ्याचदा परत उठवतात, कारण ठोकलेल्या नंबरचा दाब धातूत आतपर्यंत गेलेला असतो.

वापर केला तर कलम २७, ३ ते ७ वर्षं. आणि वरातीत, मिरवणुकीत, वाढदिवसाला हवेत बार काढला, कुणाच्या जिवाला धोका होईल असा, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि हे परवानाधारकालासुद्धा लागतं. रीलसाठी मित्राचं पिस्तूल कमरेला लावून व्हिडिओ टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्या की तो व्हिडिओ म्हणजे ताब्याचा पुरावा तुम्ही स्वतःच जगाला दिलाय.

ताबा म्हणजे नक्की काय

कमरेला लावलेलं म्हणजेच ताबा असं नाही. सुप्रीम कोर्टानं १९७२ च्या गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश सरकार या केसमध्ये सांगितलंय की ताब्यात जाणीव पाहिजे, म्हणजे ती वस्तू आपल्याकडं आहे हे माहीत पाहिजे, पण ती अंगावरच असली पाहिजे असं नाही, ती दुसऱ्याकडं ठेवली असेल आणि तिच्यावर तुमचा कंट्रोल असेल तरी ताबा तुमचाच. म्हणून शेतातल्या मोटरच्या पेटीत, गोठ्यात, बहिणीच्या घरी माळ्यावर ठेवलं म्हणून कुणी सुटत नाही, उलट बहीण अडकते.

याची दुसरी बाजू तुमच्या फायद्याची आहे. खरंच माहीत नसेल तर ताबा नाही. तुमच्या ट्रकमध्ये कुणी पार्सल टाकलं, एसटीत सीटखाली कुणाची तरी बॅग होती, जुन्या बॅगेच्या कप्प्यात कधीचं तरी एक काडतूस राहिलं आणि विमानतळावर स्कॅनिंगला सापडलं, अशा केसेसमध्ये जाणीव नव्हती म्हणून हायकोर्टांनी केसेस रद्द पण केल्यात. फक्त 'माहीत नव्हतं' हे आजूबाजूच्या गोष्टींवरून पटलं पाहिजे.

कोर्ट काय बघतं? किंमत बघतं, लाखाची वस्तू दहा हजारात कशी मिळाली. व्यवहार कुठं झाला बघतं, दुकानात का रात्री हायवेच्या धाब्यामागं. नंबर घासलाय का. कापडात, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लपवलं होतं का उघड्यावर होतं. फोनवर काय बोलणं झालं, व्हॉट्सॲपवर 'सामान', 'वस्तू', 'घोडा' असे शब्द आहेत का. आणि चोरीनंतर लगेच माल कुणाकडं मिळाला तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ११९ प्रमाणे कोर्ट असं गृहीत धरू शकतं की तो एकतर चोर आहे नाहीतर त्यानं चोरीचा माल जाणून घेतलाय, जोपर्यंत तो ताब्याचं पटेल असं कारण देत नाही तोपर्यंत.

घरात हत्यार सापडलं तर काय करायचं, पायरी पायरीनं

समजा तासगावकडची द्राक्षबाग आहे. बागेतल्या औषधाच्या खोलीत आई फवारणीचं औषध काढायला गेली, ब्लोअरच्या मागं रिकाम्या डब्यांच्या ढिगात एक खताची पिशवी जड लागली, आत जुन्या टी-शर्टमध्ये गुंडाळलेलं पिस्तूल आणि छोट्या डबीत चार काडतुसं. पोरगं सांगलीला कॉलेजला. आता त्या माऊलीचा पहिला विचार काय असतो, गपचूप विहिरीत टाकावं नाहीतर कृष्णेत सोडून द्यावं, कुणाला कळायला नको. आईच्या मनात हे येणारच, पण तेच सगळ्यात घातक आहे.

सगळ्यात आधी, हात लावायचा नाही. लागला असेल तर लागला, पुसत बसायचं नाही, परत गुंडाळायचं नाही, मॅगझीन काढून बघायचं नाही. गावठी कट्ट्याचा काही भरवसा नसतो, लोड असला आणि नुसता पडला तरी उडू शकतो, ही जिवाची गोष्ट आहे. खोलीला कुलूप लावा, मजूर आणि लहान पोरं तिकडं जाणार नाहीत असं बघा.

मग ते फेकायचं नाही. विहिरीत, नदीत, उसात, कुठंच नाही. पुरावा नाहीसा करणं हा न्याय संहितेच्या कलम २३८ खाली वेगळा गुन्हा आहे, आणि पळालेल्या आरोपीला आसरा दिला तर नवरा-बायकोला कायद्यानं जी सूट दिलीय तसली सूट इथं आईबापाला सोडा, कुणालाच नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातलं संजय दत्तचं प्रकरण सगळ्यांना माहितीय, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये त्याचा आर्म्स ॲक्टखालचा गुन्हा कायम ठेवला आणि ६ वर्षांची शिक्षा ५ वर्षांवर आणली, पण त्याच्या सांगण्यावरून हत्यार हलवणाऱ्या आणि नष्ट करायला मदत करणाऱ्या ओळखीच्या माणसांनाही शिक्षा झाली हे फार कमी लोकांच्या लक्षात राहिलंय.

ज्यानं ठेवलं असेल त्याला परतही द्यायचं नाही. 'तुझं तू घेऊन जा बाबा' हे साहजिक वाटतं, पण परवाना नसलेल्या माणसाच्या हातात तुम्ही हत्यार दिलं असा त्याचा अर्थ होतो, आणि उद्या त्यानं त्याच हत्यारानं कुणाला मारलं तर तुमचं नाव पहिल्या चौकशीत येणार.

पुढची पायरी वकिलाला फोन. ओळखीचा फौजदारी वकील असेल तर त्याच तासात, रात्र असली तरी. वकील मिळेना म्हणून दोन दिवस थांबू नका, उशीर जितका जास्त तितकं तुमचं 'आम्ही स्वतःहून सांगितलं' हे वाक्य कमजोर होतं. आर्म्स ॲक्टचं कलम ३६ तर असं म्हणतं की या कायद्याखालचा गुन्हा झालाय हे ज्याला कळलं त्यानं जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा मॅजिस्ट्रेटकडं कळवलंच पाहिजे. म्हणजे सांगणं हा उपकार नाही, ते कायद्यानं तुमच्यावर टाकलेलं काम आहे.

आणि मग पोलिसांना कळवा, ११२ ला फोन करा किंवा ठाण्यात माणूस पाठवा, पण हत्यार स्वतः गाडीच्या डिकीत टाकून ठाण्यात घेऊन जाऊ नका. वाटेत नाकाबंदीला धरलं तर 'ठाण्यातच चाललो होतो' हे तुम्हाला सिद्ध करत बसावं लागेल. जिथं आहे तिथंच राहू द्या, त्यांना येऊ द्या, पंचांसमोर पंचनामा होऊ द्या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं, ते होतंय का बघा, आणि तुमच्या मोबाईलवर केलेल्या कॉलची वेळ जपून ठेवा. लेखी कळवलं असेल तर कॉपीवर तारीख-वेळेसह पोच घ्या.

यानं पोरगं सुटेल असं मी म्हणणार नाही. त्यानं ठेवलं असेल तर त्याला उत्तर द्यावं लागेल. पण आईबाप आरोपी न होता साक्षीदार राहतात, आणि पोराला हत्यार कुणी दिलं हे वेळेत बाहेर आलं तर त्याची भूमिका छोटी आहे हे दाखवायला जागा राहते. ते हत्यार कुणाच्या तरी रक्ताला लागायच्या आत पोलिसांकडं गेलं ही गोष्ट मला स्वतःला सगळ्यात मोठी वाटते.

आजोबांची बंदूक, आणि जुनी बंदूक विकत घेणं

पाटण, जावळी, शिराळा या डोंगरपट्ट्यात हा प्रकार फार आहे. आजोबांच्या नावावर पीक संरक्षणाचा परवाना होता, आजोबा गेले, बंदूक माळ्यावर तशीच. घरच्यांना वाटतं परवाना आहे की घरात. परवाना माणसाचा असतो, घराण्याचा नाही. माणूस गेला की वारसांनी ती बंदूक विनाकारण उशीर न लावता जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करायची असते, कलम २१, आणि पावती घ्यायची. मग वारसाच्या नावानं परवान्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा, बाकीच्या वारसांची ना-हरकत जोडून. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक हयात असतानाही, त्यांचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्यांच्याकडं असलं, की वारसाच्या नावावर करता येतं, त्यामुळं म्हातारा माणूस आहे तोवरच हे काम उरकून घेणं कधीही चांगलं. नाहीतर होतं काय, माळ्यावरची बंदूक चोरीला जाते, ती कुठल्यातरी शिकारीत नाहीतर भांडणात सापडते, नंबर तुमच्या आजोबांच्या नावावर निघतो, आणि चोरीची तक्रार द्यायला जावं तर आपणच इतकी वर्षं विनापरवाना ठेवलेली. आणि कोयना-चांदोलीच्या बाजूला असाल तर वन्यजीव कायदा १९७२ पण डोक्यावर आहे, परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार घेऊन शिरणंच गुन्हा आहे.

परवाना असलेल्या माणसानं सेकंडहँड बंदूक घेताना पण चोरीचा माल गळ्यात पडू शकतो, म्हणून घाई करू नका. विकणाऱ्याचं ओरिजिनल परवाना पुस्तक बघा, झेरॉक्स नाही. त्यातला मेक, बोअर आणि नंबर हत्याराशी ताडून बघा. जोडनळीची बारा बोअर असेल तर पुढचं लाकूड काढून नळीच्या खालच्या बाजूचा नंबर आणि ॲक्शनवरचा (नळी जिथं बसते त्या मधल्या लोखंडी भागावरचा) नंबर दोन्ही बघा, बऱ्याचशा बंदुकांवर लाकडाच्या लोखंडी पट्टीवर पण तोच असतो. एक जरी जुळेना किंवा तिथं घासल्यासारखी चकचकीत जागा दिसली, आजूबाजूला जुनी निळसर काळी झिलई आणि मधेच पांढरं पडलेलं, तर व्यवहार तिथंच थांबवा. परवान्यावर युआयएन, म्हणजे स्वतंत्र ओळख नंबर, आहे का बघा, राष्ट्रीय डेटाबेसमध्ये नोंद असल्याशिवाय तो मिळत नाही.

खाजगी विक्रीत विकणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवायचं असतं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे असतात. हे ४५ दिवस लोकांना जीवावर येतात, मग 'तोवर तुझ्याकडंच राहू दे, कागद नंतर करू' असं होतं, आणि ते ४५ दिवस तुमचा ताबा बेकायदा असतो. पैसे बँकेतून द्या, आणि हत्यार तुमच्या परवान्यावर नोंद झाल्याशिवाय हातात घेऊ नका. सांगलीकरांनी विजयनगरला, सातारकरांनी साताऱ्याला, जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचं काम कुठल्या टेबलावर आहे ते विचारून आधी खात्री करून घ्यावी, एक चक्कर गेली तरी परवडलं.

मित्राची परवान्याची बंदूक थोडे दिवस वापरायला घेणंही चालत नाही. परवानाधारक बरोबर असेल किंवा त्यानं लेखी अधिकार देऊन दुरुस्तीला, रिन्युअलला, किंवा त्याच्याच वापरासाठी पाठवलं असेल, एवढीच काय ती सूट आहे.

तुमचंच हत्यार चोरीला गेलं तर

रिटायर फौजी बँकेत, एटीएमच्या गाडीवर गार्ड म्हणून स्वतःच्या हत्यारासह काम करतात, त्यांच्यासाठी हे महत्त्वाचं. चोरी कळल्या कळल्या जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं, ही परवान्याचीच अट आहे. 'दोन दिवस शोधून बघू' असं करू नका, त्या दोन दिवसांत गुन्हा घडला तर तुमच्याकडं संशयानं बघतील. प्रवासात चोरी झाली तर हद्दीचा वाद न घालता कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो. ऑनलाइन तक्रार दिली तर ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, ती घ्या आणि त्यात हत्याराचा नंबर, बोअर, किती काडतुसं गेली हे बरोबर आलंय का ते तिथंच वाचा. एक आकडा चुकला तर उद्या हत्यार सापडूनही जुळणार नाही. ठाण्यात घेतच नसतील तर एसपींना लेखी पाठवता येतं. नंतर परवाना देणाऱ्या कार्यालयाला वेगळं पत्र, पोचेसह. हत्यार सापडलं की ते मुद्देमाल म्हणून जमा राहतं, परत मिळायला कोर्टात अर्ज करावा लागतो आणि त्यासाठी तुमचा परवाना चालू पाहिजे, त्यामुळं रिन्युअलची तारीख चुकवू नका.

पोलिसांनी बोलावलं किंवा उचललं तर

पळून जाऊ नका, हे पहिलं. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, अटकेची कारणं लिहावी लागतात, नाहीतर नोटीस देऊन बोलवावं लागतं. नोटीस आली तर दिलेल्या दिवशी वकिलाला सांगून हजर व्हा. अटक केली तर कारण सांगणं, नातेवाइकाला कळवणं आणि २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करणं बंधनकारक आहे, चौकशी सुरू असताना वकिलाला भेटायचा हक्क आहे.

पोलिसांपुढं दिलेली कबुली पुरावा होत नाही असं लोकांनी ऐकलेलं असतं, ते अर्धंच खरं आहे. तुम्ही सांगितलं आणि त्यावरून तुम्ही दाखवलेल्या जागेवर हत्यार निघालं, तर तेवढा भाग पुराव्यात येतो. म्हणून कुणाच्या सांगण्यावरून न वाचता निवेदनावर सही करू नका. खोटं बोलून दुसऱ्याचं नावही घालू नका, मोबाईलचं लोकेशन आणि कॉल रेकॉर्ड काढल्यावर ते उघडं पडतं आणि मग तुमचं खरं बोलणंही कुणी धरत नाही.

दोन्ही गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही, तो कोर्टाकडून मागावा लागतो. एकच हत्यार, आधीचा गुन्हा नाही, वापर झालेला नाही, तपास पूर्ण होत आलाय, कायमचा पत्ता आहे, या गोष्टी कामाला येतात. ठरलेल्या मुदतीत दोषारोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, साध्या बाळगण्याच्या केसमध्ये ६० दिवस आणि १० वर्षं किंवा जन्मठेपेपर्यंतच्या कलमांना ९० दिवस. अटकेच्या आधीच भीती असेल तर सेशन कोर्टात अटकपूर्वचा अर्ज करता येतो.

खटल्यात वकिलानं बघायच्या काही जागा असतात, त्या तुम्हालाही माहीत असू द्या. कलम ३ च्या केसला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, ती आहे का आणि कागद बघून दिलीय का. हत्यार चालण्यालायक होतं का याचा तज्ज्ञांचा रिपोर्ट. जागेवर सील केलं का, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का, ठाण्यापासून प्रयोगशाळेपर्यंत सील तसंच होतं का. आणि ३१७ साठी मूळ मालकाची चोरीची तक्रार आणि नंबरची ओळख. मूळ चोरीच सिद्ध झाली नाही तर ३१७ टिकत नाही.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, सातारा आणि सांगली दोन्हीकडं आहे, १५१०० हा हेल्पलाइन नंबर. अटकेत असलेला माणूस, महिला, १८ च्या आतली मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

भरतीच्या पोरांसाठी

पोलीस भरती, आर्मी, एसआरपी, कुठंही चारित्र्य पडताळणी असते. केस चालू असली तरी तिची नोंद निघते, पासपोर्टलाही अडचण येते. बरीच पोरं मग फॉर्ममध्ये 'गुन्हा दाखल आहे का' याच्यापुढं 'नाही' लिहितात, आणि ते लपवणंच नोकरी जायचं कारण होतं. सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्ये अवतार सिंग केसमध्ये यावर सविस्तर लिहिलंय, माहिती खरीच द्यायची, आणि खरी दिली असेल तर गुन्ह्याचं स्वरूप, तो किती गंभीर, निर्दोष सुटला का हे बघून खातं निर्णय घेऊ शकतं. घटनेच्या वेळी पोरगं १८ च्या आतलं असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढं चालतं, आणि मोठ्या माणसासारखा खटला चालवायचं ठरलं नाही तर त्यावरून पुढं नोकरीसाठी अपात्रता येत नाही, म्हणून वयाचा पुरावा, शाळा सोडल्याचा किंवा जन्माचा दाखला, पहिल्याच दिवशी वकिलाच्या हातात द्या.